डिजिटल पियानोतील पियानोचा अस्सल नाद

लाकूड, पोलादी तारा आणि नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) हातोडे असलेल्या पियानोचा आवाज इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमधून हुबेहूब काढण्यासाठी वापरली जाणारी तंत्रे आणि त्यांच्या मर्यादा यांचा हा विषय आहे. मूळ वाद्याला या संदर्भात अकूस्टिक पियानो म्हणतात. कीबोर्ड वाजवणारे या आवाजाला ‘पियानोचा टोन’ किंवा नुसते ‘पियानो’ म्हणतात आणि नवा कीबोर्ड हाती आला की बहुधा तोच आधी लावून बघतात. आजच्या बऱ्यापैकी डिजिटल पियानोवर एकच सूर वाजवला, तर तो खरा की नकली हे जाणकारालाही चटकन सांगता येत नाही. पण दोन्ही हात पडले, पेडल दाबले गेले, की फरक कानाला लागतो. पियानो हा ८८ सुरांचा संच नसून सगळा मिळून थरारणारा एकच देह आहे. सुटे सूर कितीही उत्तम मिळवले तरी तो देह आपोआप उभा राहत नाही.

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये घडवलेल्या वाद्यात हातोडा तारेवर आदळून लगेच मागे येत असे. आजही मूळ युक्ती तीच आहे. ८८ पट्ट्यांसाठी सुमारे २३० तारा असतात. खर्जात एका सुराला तांब्याने वेढलेली एकच जाड तार, त्यावर दोन, आणि मधल्या व तार सप्तकांत तीन-तीन. या तीन तारा एकाच सुरात लावलेल्या असल्या तरी त्यांच्यात केसाएवढे अंतर राहतेच. सुरुवातीला तिघी एका लयीत हलतात आणि आपली शक्ती तारा टेकलेल्या घोडीमार्फत ध्वनिफलकाला, म्हणजे आवाज हवेत पसरवणाऱ्या लाकडी फळीला, भराभर देऊन टाकतात. मग त्यांची जुळणी सुटते, एकीचा धक्का दुसरी खोडून काढते, घोडीला फारसे काही पोचत नाही आणि उरलेला नाद सावकाश विरत जातो. म्हणून पियानोचा सूर आधी झपाट्याने आणि नंतर रेंगाळत मावळतो. याची उकल गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडली. पियानोचा सूर ‘गातो’ असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुतेक हा दुसरा, लांबलेला भाग असतो.

पोलादी तार ताठ असल्यामुळे तिचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत निघणारे चढे सूर, गणितात बसतात त्यापेक्षा किंचित चढे निघतात. म्हणूनच पियानो लावणारा कारागीर सप्तके थोडी ताणून लावतो. हातोड्याचा नमदाही सरळ वागत नाही. हळू आदळला तर तो मऊ राहतो. जोरात आदळला तर दबून कडक होतो आणि आवाजाला धार येते. त्यामुळे पियानोचा हलका सूर म्हणजे मोठ्या सुराचा आवाज कमी केलेला नव्हे, त्याचा रंगच वेगळा असतो.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे न वाजवलेल्या तारांचा नाद. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप निनादणाऱ्या तारा, ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मधल्या सप्तकातली पांढरी एक (पाश्चात्त्य ‘सी’ची पट्टी) आवाज न करता अलगद दाबून धरावी, म्हणजे त्या तारेवरची, नाद थांबवणारी गादी उचललेली राहील. मग खालच्या सप्तकातली पांढरी एक जोरात वाजवून लगेच सोडावी. खालचा सूर थांबतो आणि वरचा, ज्याला हातोडा लागलेलाच नाही, मंदपणे गात राहतो. उजवे पेडल दाबल्यावर तर सगळ्या गाद्या उचलल्या जातात आणि पूर्ण पियानोच्या तरफा होतात. हा प्रयोग बऱ्याच स्वस्त कीबोर्डवर करून पाहिला तर वरची पट्टी मुकी राहते.

नमुना घेऊन तो वाजवण्याचे तंत्र, म्हणजे सॅम्पलिंग, येण्याआधीच्या विजेच्या पियानोंचा मार्ग निराळा होता. ऱ्होड्स या वाद्यात हातोडा धातूच्या कांड्यांवर पडे. यामाहाचा डीएक्स-७ (१९८३) गणिती पद्धतीने ध्वनी घडवी. त्यांचे आवाज सुंदर आणि स्वतंत्र आहेत, पण पियानोचे नव्हेत. यामाहाची क्लॅव्हिनोव्हा मालिका १९८३ मध्ये सुरू झाली. गायक-वादक स्टीव्ही वंडर यांच्याशी झालेल्या चर्चेतून अमेरिकन संशोधक रे कर्झवाइल यांनी घडवलेला कर्झवाइल २५० हा कीबोर्ड १९८४ मध्ये आला आणि नमुन्यांवर चालणारे वाद्य ग्रँड पियानोच्या जवळ जाऊ शकते हे त्याने दाखवले. रोलँडच्या आरडी-१००० (१९८६) ने नमुन्यांचे विश्लेषण करून सूर नव्याने रचण्याची पद्धत वापरली. तिच्यात हलक्यापासून जोरकस सुरापर्यंत रंग सलग बदलत जाई.

त्या काळी स्मृती, म्हणजे मेमरी, फार महाग होती. म्हणून मोजकेच सूर ध्वनिमुद्रित करत आणि तेच ताणून किंवा दाबून शेजारच्या पट्ट्यांना देत. सूर पूर्ण विरेपर्यंत साठवणे परवडत नसे, तेव्हा त्याचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला जाई. वर सांगितलेली लांबलेली, जिवंत शेपटी नेमकी तिथेच गळून पडली. कॉर्गच्या एम-१ (१९८८) मधला पियानो असाच काटछाट केलेला होता, तरीही त्याच्या टणक, चमकदार आवाजाने नृत्यसंगीतात स्वतःची जागा मिळवली आणि आज लोक तो मुद्दाम शोधतात.

अडचण किती मोठी होती हे एका हिशोबाने कळेल. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, दोन चॅनेल अशा मुद्रणाला दर सेकंदाला सुमारे २.८८ लाख बाइट लागतात. ८८ सूर, प्रत्येकाचे १६ जोर, प्रत्येक नमुना ३० सेकंदांचा धरला तर बेरीज १२ गिगाबाइटपर्यंत जाते. १९९८ मध्ये आलेल्या गिगासॅम्पलर या संगणक-प्रणालीने नमुन्यांचा बराचसा भाग हार्ड डिस्कवरून वाजता वाजता वाचून ही कोंडी फोडली. त्यानंतर संगणकावरचे नमुनासंच फुगत गेले. विनामूल्य मिळणारा सालामँडर हा संच यामाहाच्या सी-५ पियानोवरून घेतलेला असून त्यात जोराचे १६ थर आहेत, आणि पट्टी सोडतानाचा हातोड्याचा खटकाही वेगळा मुद्रित केलेला आहे. तो खटका नसेल तर आवाज फार स्वच्छ वाटतो, आणि पियानो इतका स्वच्छ नसतो.

दुसरी वाट प्रतिकृतीची. तिच्यात ध्वनिमुद्रण साठवण्याऐवजी तार, हातोडा, फलक यांची समीकरणे प्रत्यक्ष वेळी सोडवली जातात. फ्रान्समधील तुलूझच्या मोदार्त संस्थेचा पियानोटेक (२००६) हा संगणकावरचा पियानो आणि रोलँडचा व्ही-पियानो (२००९) ही त्याची ठळक उदाहरणे. पियानोटेक नमुनासंचांच्या मानाने अगदी थोड्या जागेत मावतो. प्रस्तुत लेखकाच्या मते सुटा सूर अजूनही नमुन्यातला अधिक रसरशीत लागतो, पण सुरांचे एकमेकांशी असलेले नाते प्रतिकृतीत अधिक खरे उतरते. पेडल धरून संथ काही वाजवायचे असेल तर दुसरा गुण मोलाचा ठरतो. आताची अनेक वाद्ये नमुन्यांवर गणिती अनुनाद चढवून दोन्हींची सांगड घालतात.

आवाजाइतकेच बोटालाही पटावे लागते. कीबोर्ड पट्टीवरचा जोर मोजत नाही. पट्टी खाली जाताना तिच्या मार्गातल्या दोन बिंदूंमधला वेळ मोजून तो वेग ठरवतो. तिसरा संवेदक असेल तर पट्टी पुरती वर न येताही सूर पुन्हा वाजवता येतो. हा वेग मिडी या १९८३ च्या संकेतप्रणालीत १ ते १२७ अशा आकड्यांत जातो. आपल्याकडे पुष्कळ जण पेटीवरून कीबोर्डकडे येतात. पेटीत आवाजाचा चढउतार भात्याच्या हाती असतो, पट्टी किती वेगाने दाबली याला महत्त्व नसते. त्यामुळे त्यांचा हात सुरुवातीला सगळे सूर एकाच जोराने वाजवतो आणि दोष टोनला दिला जातो. सेटिंगमधला ‘टच’ हलका किंवा भारी करून पाहिला तर कित्येकदा तोच टोन उमलतो. पेडलचेही तसेच. नुसते चालू-बंद होणारे पेडल आणि अर्ध्यावर धरता येणारे पेडल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटी आवाज हवेत जातो कशातून, हा प्रश्न उरतो. मोठा मैफिली पियानो पावणेतीन मीटर लांब असतो आणि त्याचा फलक अख्खा हलतो. तळहाताएवढ्या स्पीकरकडून ते होणे नाही. यामाहाच्या अव्हाँटग्रँड एन-३ (२००९) सारख्या वाद्यांत म्हणूनच खऱ्या पियानोची यंत्रणा आणि वेगवेगळ्या जागी बसवलेले स्पीकर आले. घरी चांगले हेडफोन हा स्वस्तातला उत्तम उपाय.

गोव्यातील जुन्या ख्रिस्ती घरांत पियानो होते आणि मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. पण समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड फुगते, तारा गंजतात, सूर उतरतात-चढतात. फ्लॅटमध्ये जागेची आणि शेजाऱ्यांची अडचण असतेच. त्यामुळे आता शिकणाऱ्या अनेकांची पहिली ओळख डिजिटल पियानोशीच होते. भावगीतांच्या रंगमंचीय कार्यक्रमांत मात्र एक घोळ नेहमी होतो. दोन चॅनेलांत मुद्रित झालेला भरदार पियानो मिक्सरवर एकाच वायरने, म्हणजे मोनोत जातो. डाव्या-उजव्या लहरी एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ लागतो. अशा वेळी दोन्ही वायरी जोडाव्यात, नाहीतर कीबोर्डमध्ये असल्यास खास मोनोसाठीचा टोन निवडावा.

दुकानात वाद्य पारखताना चाली वाजवून फारसे कळत नाही. अगदी डावीकडची शेवटची पट्टी एकदा जोरात दाबावी, धरून ठेवावी आणि हेडफोन लावून नाद संपेपर्यंत हात हलवू नये. नाद मध्येच एकसुरी गुणगुणू लागला तर तिथून पुढे तुकडा फिरतो आहे.