प्रोजेरिया म्हणजे ‘घराण्यातली खोट’ नव्हे

प्रोजेरिया म्हणजे मूल लहानपणीच म्हाताऱ्यासारखं दिसू लागण्याचा दुर्मिळ आजार. ‘प्रोजेरियाचं मूल झालं म्हणजे घराण्यातच खोट असणार’ हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे आणि त्याचे टोमणे बहुतेक वेळा आईलाच ऐकावे लागतात.

या आजाराचं कारण २००३ साली सापडलं. पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारं एक प्रथिन असतं, लॅमिन-ए. त्याच्या एलएमएनए जनुकात १८२४ क्रमांकाच्या जागी डीएनएच्या ‘सी’ या अक्षराऐवजी ‘टी’ येतो. एवढ्या एका अक्षरामुळे प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात. उरलेलं सदोष प्रथिन, म्हणजे प्रोजेरिन, केंद्रकाच्या पटलाला चिकटूनच राहतं, केंद्रक वेडंवाकडं होतं. हा बदल जवळपास नेहमीच नव्याने घडतो. आईवडिलांच्या तपासणीत तो सहसा सापडत नाही.

‘लवकर आलेलं म्हातारपण’ हेही अर्धसत्य. केस जातात, रक्तवाहिन्या कडक होतात, पण बुद्धी तल्लख असते. स्मृतिभ्रंश होत नाही.

मात्र याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडांमुळे होणारा एमरी-ड्रायफस हा स्नायूंचा आजार पिढ्यांत उतरू शकतो. त्यात हृदयाची लय बिघडते, म्हणून तिथे नातेवाइकांची तपासणी हवीच. प्रोजेरियावर लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली. त्याने आयुष्य वाढतं, आजार मात्र जात नाही.