मासेमारी नौका घेताना आयात शुल्क नेमके कुठे लागते आणि अर्ज कुठे अडतो

नव्या किंवा वापरलेल्या नौकेच्या नोंदणीचे जे अर्ज त्रुटी दाखवून परत पाठवलेले मी पाहतो, त्यांतल्या बऱ्याच अर्जांत नौकेचा दोष नसतो, इंजिनाचे कागद अपुरे असतात. आपल्याकडे लाकडी असो की फायबरची, नौका बहुधा इथल्याच कारखान्यात बांधली जाते आणि तिच्यावर आयात शुल्क लागण्याचा प्रश्न येत नाही. आयात होऊन येते ते इंजिन, कधी गिअरबॉक्स, जीपीएस आणि मासे शोधण्याचे यंत्र. नौकेच्या किमतीत शुल्क शिरते ते याच वाटेने, आणि कागदांचा घोळही इथेच होतो.

आधी शुल्काचा हिशेब समजून घ्यावा. परदेशातून आलेल्या मालाची किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून जी रक्कम होते, तिच्यावर मूळ सीमाशुल्क लागते. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार असतो आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी आकारला जातो. समजा इंजिनाची ही किंमत १०,००,००० रुपये आहे आणि मूळ शुल्क १० टक्के आहे. मग शुल्क १,००,००० रुपये, अधिभार १०,००० रुपये आणि ११,१०,००० रुपयांवर ५ टक्के दराने जीएसटी ५५,५०० रुपये, म्हणजे एकूण १,६५,५०० रुपये होतात. तोच जीएसटी १८ टक्क्यांनी लावला गेला तर एकट्या जीएसटीचेच १,९९,८०० रुपये भरावे लागतात. मूळ शुल्काच्या एक-दोन टक्क्यांवर घासाघीस करणारे खरेदीदार या दुसऱ्या फरकाकडे बघतही नाहीत, याचे मला वाईट वाटते.

हा फरक पडतो तो बिलातील शब्दांमुळे. मासेमारी नौकेवर ५ टक्के जीएसटी आहे, नौकेच्या भागांवरही तोच दर आहे, आणि मासेमारी नौकेसाठीच्या सागरी डिझेल इंजिनालाही तोच लागू होतो, असे केंद्राच्या ९ ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. मात्र बिलावर नुसते ‘डिझेल इंजिन’ लिहिले असेल, किंवा ट्रकचे इंजिन सागरी वापरासाठी बदलून दिलेले असताना बिल ट्रकच्या इंजिनाचेच असेल, तर जास्त दर लागतो आणि पुढे नोंदणीच्या वेळी तपासणी अधिकारीही शंका काढतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीच बिलाचा मसुदा मागवून त्यात ‘मासेमारी नौकेसाठी सागरी इंजिन’ हे शब्द, इंजिन क्रमांक, अश्वशक्ती आणि सिलिंडरची संख्या आहे की नाही हे पाहावे. ताजी मासळी करमुक्त असल्याने बहुतेक नाखव्यांची, म्हणजे नौकामालक मच्छीमारांची, जीएसटी नोंदणीच नसते, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट त्यांना कुठेही मिळत नाही. व्यापाऱ्याला तो कर परत मिळतो, नाखव्याच्या मात्र तो अंगावर पडतो.

विक्रेत्याकडून इथल्या इथे इंजिन घेतले तर शुल्क किमतीत आधीच धरलेले असते आणि तुम्हाला सीमाशुल्क कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही. तरीही विक्रेत्याकडून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या दाखल्याची प्रत मागून घ्यावी. हा कागद जवळजवळ कोणाकडेही नसतो. खरेदीच्या दिवशी कोणी तो मागत नाही. चार वर्षांनी नौका विकायला काढली की मग त्याची शोधाशोध सुरू होते आणि तोपर्यंत विक्रेत्याने दुकान बदललेले असते.

स्वतः आयात करणाऱ्यांनी, मग तो एकटा नाखवा असो की संस्था, तारखांकडे फार काटेकोरपणे पाहावे. विक्रेत्याने दर सांगितला त्या दिवशीचे शुल्क आपल्याला लागेल, असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी सादर होते त्या दिवशीचा दर लागतो, आणि ते जहाज येण्याआधीच सादर केले असेल तर जहाजाच्या आगमनाची नोंद होते त्या दिवशीचा. डिसेंबरात ठरवलेले इंजिन फेब्रुवारीत बंदराला लागले, तर मधल्या अर्थसंकल्पात झालेला बदल तुमच्या माथी येतो, आणि तशी तरतूद हाती ठेवूनच सौदा करावा. दुसरी चूक मुदतीची आहे. माल आल्यावर कागद सादर करायचे, ही जुनी सवय आता महागात पडते, कारण २०२१ पासून जहाज येण्याच्या आदल्या दिवसाच्या अखेरीपर्यंत बिल ऑफ एंट्री सादर करावे लागते आणि त्या मोजणीत सुटीचा दिवसही धरला जातो. काही शेजारी देशांतून येणाऱ्या मालाला थोडी सवलत आहे, पण जपान किंवा चीनहून येणाऱ्या इंजिनाला ती लागू नाही. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार बसतो. जहाज सोमवारी येणार असेल तर रविवारी हे काम झालेले असले पाहिजे, हे आपल्या क्लिअरिंग एजंटला, म्हणजे सीमाशुल्काचे कागद करणाऱ्या दलालाला, स्वतः फोन करून सांगावे.

स्वतः आयात करण्यासाठी लागणारा आयात-निर्यात संकेतांक एकदा काढला की काम झाले, असेही अनेकांना वाटते. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती ऑनलाइन तपासून कायम करावी लागते, नाहीतर संकेतांक निष्क्रिय होतो. काहीही बदललेले नसले तरी हे करावे लागते, आणि नेमक्या याच महिन्यांत नाखवा हंगाम आटोपून नौका किनाऱ्यावर ओढण्याच्या गडबडीत असतो. समुद्रावर पोट असलेल्या माणसाचे वर्ष कसे चालते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही, हे मला स्पष्टपणे नोंदवावेसे वाटते.

जपानशी भारताचा २०११ पासून व्यापार करार आहे, आग्नेय आशियातील आसियान गटाच्या देशांशीही आहे. त्याखालची शुल्कातील सवलत हवी असेल तर उत्पत्ती प्रमाणपत्र माल निघतानाच मागावे. माल कोणत्या बंदरातून निघाला याला इथे महत्त्व नसून तो कुठे तयार झाला हे पाहिले जाते; चीनमध्ये बनलेले इंजिन सिंगापूरमार्गे आले म्हणून ते आसियानचे होत नाही. २०२० पासून ही माहिती जवळ बाळगण्याची जबाबदारी आयातदारावरच आहे.

वापरलेल्या नौकेबाबत लोक जास्त फसतात. देशातल्या देशात नौका विकली तर तिच्या इंजिनावर पुन्हा आयात शुल्क लागत नाही, आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या मच्छीमाराने विकली तर जीएसटीही लागत नाही. पण इंजिन मुळात शुल्क-सवलतीच्या अटीवर आयात झालेले असेल, तर ती अट मोडल्यास शुल्काची मागणी निघू शकते, म्हणून इथेही बिल ऑफ एंट्री पाहावे. अलंगच्या जहाजतोडणीतून किंवा मुंबईच्या दारुखान्यातून आलेले इंजिन असल्यास जहाज तोडणाऱ्याचे किंवा दुकानदाराचे कर भरलेले बिल हाच पुरावा असतो, साध्या चिठ्ठीवर लिहिलेली पावती चालत नाही. इंजिनावर कोरलेला क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील क्रमांक स्वतः जाऊन जुळवावा. इंजिन बदलून नोंद न केलेल्या नौका प्रत्येक बंदरात आहेत, आणि त्यांचे हस्तांतरण तिथेच थांबते.

विक्रेत्याच्या मच्छीमार संस्थेचा आणि कर्ज दिलेल्या बँकेचा ना-देय दाखला घ्यावा, कारण राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून बांधलेल्या नौकांवरील थकबाकी खरेदीदाराला फार उशिरा कळते. गुजरातची नौका असेल तर तिथल्या मत्स्यव्यवसाय विभागाची हरकत नसल्याचा आणि नोंदणी रद्द झाल्याचा, असे दोन्ही दाखले लागतात. नौका घेतली म्हणजे तिचा मासेमारी परवाना आपोआप आपला झाला, असे मुळीच समजू नये. पर्ससीनच्या, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या बाबतीत तर महाराष्ट्र शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणण्याचे ठरले, आणि तरीही ‘परवान्यासह’ म्हणून नौका विकल्या जातात.

परदेशातून वापरलेली नौका आणण्याचा विचार असल्यास केंद्राच्या आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचे लेखी म्हणणे हाती येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये. जुन्या यंत्रसामग्रीची किंमत सीमाशुल्क अधिकारी केवळ बिलावरून धरत नाहीत. सनदी अभियंत्याचा अहवाल मागतात आणि शुल्क त्या मूल्यावर बसू शकते. स्वस्तात मिळालेली नौका अशा वेळी स्वस्त राहत नाही.

अनुदानाचा हिशेबही याच्याशी जोडलेला आहे. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेचा प्रकल्प खर्च १ कोटी २० लाख रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्याच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य मिळते. शुल्कामुळे किंमत १ कोटी ३५ लाखांवर गेली तरी साहाय्य १ कोटी २० लाखांवरच मोजले जाते आणि वरचे १५ लाख पूर्णपणे तुमचे असतात. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवलेली होती. त्यापुढे ती चालू आहे का, हे कर्जप्रकरण करण्यापूर्वी जिल्हा कार्यालयात विचारावे.

बाकीचे सोपे आहे: आधार, रहिवास, संस्थेचे सभासदत्व, नौका बांधणाऱ्याचा दाखला, विमा आणि छायाचित्रे जोडून नौका नोंदणीच्या रियलक्राफ्ट संकेतस्थळावर अर्ज करावा. क्रम मात्र चुकवू नये. आधी नौका बांधणीची पूर्वपरवानगी घ्यावी, तिच्यात किती सिलिंडरचे इंजिन मंजूर झाले ते पाहावे आणि मगच इंजिनाची मागणी नोंदवावी. परवानगी चार सिलिंडरची आणि बंदरात येऊन पडलेले इंजिन सहा सिलिंडरचे, असे झाले तर शुल्क भरून बसलेल्या माणसाला ते परत करता येत नाही आणि नौकेत बसवताही येत नाही. १ जूनला मासेमारी बंद होऊन नौका शाकारल्या जातात, आणि नव्या हंगामाच्या आधी तपासणी व्हायची असेल तर इंजिन त्यापूर्वी किनाऱ्यावर पोहोचलेले असावे, या बेताने मागे मोजून तारीख ठरवावी.