‘१०८०’ हे विष निसर्गाला अनोळखी नाही

ऑस्ट्रेलियात कोल्हे मारायला ‘१०८०’ नावाचं विष वापरतात. हे निव्वळ माणसाने बनवलेलं रसायन, निसर्गात नसलेलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अर्धंच खरं. आमिषातली पावडर कारखान्यातली. पण तिच्यातला मारक घटक, फ्लुरोअ‍ॅसिटेट, नैऋत्य ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोलोबियम नावाच्या झुडपाच्या अनेक जाती आपल्या पानांत स्वतःच तयार करतात.

वाटाण्याच्या कुळातलं हे झुडूप. फुलाची घडण आपल्या तुरीसारखीच: वर उभी पाकळी, बाजूला दोन पंख, पिवळ्या-केशरी रंगात तांबडी झाक. दिसायला गोजिरं, पण १८४०च्या सुमारास वसाहतवाल्यांची मेंढरं का मरतात याचा छडा लावताना वनस्पतीसंग्राहक जेम्स ड्रमंड यांचं बोट याच झुडपांकडे गेलं. हे विष पेशीतलं ऊर्जानिर्मितीचं चक्रच अडवतं.

तिथले पोसम (झाडांवर राहणारे, कांगारूसारखेच पिशवीवाले छोटे प्राणी) आणि करडे कांगारू पिढ्यानपिढ्या या झुडपांच्या सोबतीने वाढले, म्हणून बरंच विष पचवतात. युरोपातून आणलेल्या कोल्ह्याला ते जमत नाही. (कुत्र्यालाही नाही, ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी गाफील राहू नये.) गंमत म्हणजे त्याच जातीचा आग्नेय ऑस्ट्रेलियातला पोसम, जिथे ही झुडपं नाहीत, कितीतरी कमी मात्रेत दगावतो.