डोकं फिरतं तेव्हा डोक्यात नेमकं काय होतं?

२६ डिसेंबर २०२४, मेलबर्न. सॅम कॉन्स्टस नावाचा १९ वर्षांचा पोरगा पहिलीच टेस्ट खेळतोय, बुमराला उलटे स्कूप मारतोय, आणि ओव्हर संपल्यावर विराट कोहली सरळ चालत येऊन त्याला खांदा मारतो. शिक्षा काय, तर मॅच फीच्या २० टक्के दंड आणि एक डिमेरिट पॉइंट. त्यानंतर आपल्याकडे चर्चेचं जे गुऱ्हाळ सुरू झालं त्यात दोन वाक्यं सारखी ऐकू यायची. एक म्हणजे "ही आग आहे म्हणूनच तो कोहली आहे", आणि दुसरं, "राग आत कोंडून ठेवण्यापेक्षा बाहेर पडलेला बरा". पहिलं अर्धवट खरं आहे, दुसरं चक्क चुकीचं आहे, आणि दोन्हीच्या मागे मेंदूतली एक अशी भानगड आहे की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

हे काही आजच्या पिढीचं खूळ नाही बरं का. याच मैदानावर फेब्रुवारी १९८१ मध्ये आपल्या सुनील गावसकरला ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या बॉलवर पायचीत दिलं. सनीचं म्हणणं बॉल आधी बॅटला लागला होता, त्यात लिली पॅडकडे बोट दाखवत आला आणि काहीतरी बोलला. झालं, सनीने नॉन-स्ट्रायकर चेतन चौहानलाही बरोबर घेतलं आणि दोघं मैदानाबाहेर निघाले. चौहान बाहेर गेला असता तर मॅच हातची गेल्यातच जमा होती. सीमारेषेवर टीमचे मॅनेजर शाहिद दुर्राणी उभे होते, त्यांनी चौहानला परत पाठवलं. पुढे ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद, कपिलच्या ५ विकेट, आणि भारत ५९ रन्सने जिंकला. हेल्मेट न घालता वेस्ट इंडीजचा मारा खेळलेला, थंड डोक्यासाठीच ओळखला जाणारा माणूस हा, आणि त्या दोन मिनिटांत त्याचं डोकं कामातून गेलं. त्याला नंतर याचा पश्चात्ताप झाला, तसं त्याने सांगितलंही आहे.

तर कामातून गेलं म्हणजे काय? कपाळाच्या मागे मेंदूचा जो भाग असतो तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. आत्ता हे केलं तर पुढे काय होईल, हा हिशोब इथे होतो. हा हिशोब डोक्यात धरून ठेवायचा तर तिथल्या न्यूरॉन्सना, म्हणजे मेंदूच्या पेशींना, एकमेकांना सतत सिग्नल देत राहावं लागतं, म्हणजे दहीहंडीच्या थरासारखं, सगळ्यांनी एकमेकांना धरलंय तोवर थर उभा. आता या थराला नीट उभं ठेवणारं किंवा पाडणारं एक रसायन आहे, नॉरअॅड्रेनलिन. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा एक निळसर ठिपका आहे, न्यूरॉन्स फार तर काही दहा हजार, पण त्यांचे धागे जवळपास अख्ख्या मेंदूभर पसरलेले. काही महत्त्वाचं घडतंय असं वाटलं की हा ठिपका सगळीकडे नॉरअॅड्रेनलिन सोडतो.

खरी मजा इथून पुढे आहे. येल युनिव्हर्सिटीच्या एमी आर्नस्टेन यांनी वर्षानुवर्षं खपून दाखवलं की हेच रसायन कमी-मध्यम प्रमाणात प्रीफ्रंटलला ताकद देतं आणि जास्त झालं की त्याला बंद पाडतं. कसं? न्यूरॉनवर त्याला पकडणारे वेगवेगळे रिसेप्टर असतात. अल्फा-२ए हा रिसेप्टर फार संवेदनशील, थोडंसं नॉरअॅड्रेनलिन आलं तरी त्याला चिकटतं. तो चालू झाला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी कमी होतं, त्यामुळे एचसीएन नावाची आयन चॅनेल्स, म्हणजे पेशीच्या पडद्यातली छोटी दारं, बंद होतात, सिग्नलची गळती थांबते आणि सिग्नल पक्का पोचतो. म्हणजे थोडं टेन्शन असलेला खेळाडू झोपाळलेल्या खेळाडूपेक्षा चांगला विचार करतो, कोहलीची आग म्हणतात ती इथपर्यंत खरी. पण टेन्शन वाढत गेलं, नॉरअॅड्रेनलिनचा पूर आला, की मग अल्फा-१ रिसेप्टर जागे होतात, ज्यांना एरवीच्या थोड्या रसायनाने काही फरक पडत नाही. ते पेशीत कॅल्शियम वाढवतात, पोटॅशियमची चॅनेल्स उघडतात, आणि जोडणी सुटते. थर कोसळला. आणि तेच अल्फा-१ रिसेप्टर तिकडे अमिग्डालात, म्हणजे भीती-रागाच्या केंद्रात, उलटं काम करतात, त्याचा जोर वाढवतात! रसायन एकच, इकडे शहाणपणाचा फ्यूज उडवतंय आणि तिकडे भडका वाढवतंय. (चॅनेलची नावं डोक्यावरून गेली असतील तर सोडून द्या, थोडं असलं तर फायदा आणि जास्त झालं की उलटा खेळ, एवढं धरलं तरी पुरे.)

उत्क्रांतीच्या हिशोबाने हे बरोबरच आहे म्हणा, समोर बिबट्या असताना विचार करत बसणारे आपले पूर्वज झाले नसते. पण थर्ड अंपायर म्हणजे बिबट्या नव्हे, हे त्या रिसेप्टरला कोण सांगणार.

खेळाडूंच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. १९७० च्या दशकात डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने माणसांना व्यायामाच्या सायकलवर दामटलं आणि काहींना मुद्दाम डिवचलं. डिवचलेल्यांपैकी जे सायकल मारून आले होते ते जास्त आक्रमक वागले, न डिवचलेल्यांत सायकलने तसा काही फरक पडला नाही. पुढच्या प्रयोगांत अजून भारी गोष्ट कळली, की व्यायाम संपल्या संपल्या माणसाला कळत असतं की छातीतली धडधड धावण्याची आहे, पण थोडा वेळ गेला की धडधड जाणवत नाही, शरीर मात्र आतून तापलेलंच असतं आणि तेव्हा कुणी काही बोललं की ती उरलेली गरमी रागाच्या खात्यात जमा होते. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमध्ये बर्लिनला फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं घातलं ते ११० व्या मिनिटाला, आणि तेव्हा बॉल त्यांच्या आसपासही नव्हता, दोघं नुसते चालत होते. झिदानच्या डोक्यात त्या क्षणी नेमकं काय चाललं होतं ते इलेक्ट्रोड लावून कुणी मोजलेलं नाही, पण चित्र मात्र हुबेहूब बसतं. फ्रान्स पेनल्टीवर हरलं आणि झिदान तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये होता.

आता थोडं आपल्या लोकांविषयी. पोरगं तापट निघालं की आपल्याकडे पत्रिका काढतात, मंगळ बघतात आणि बोटात पोवळं घालतात. मंगळ आपल्यापासून जवळात जवळ आला तरी साधारण साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो, तिथून तो अल्फा-१ रिसेप्टर कसा दाबतो हे एकदा एखाद्या ज्योतिषाने समजावून सांगावं, मी चहा पाजतो. पण सुशिक्षितांचीही पोवळी असतातच, "टेस्टोस्टेरॉन आहे हो सगळं" हे त्यातलं एक. माणसांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळी आणि आक्रमकपणा यांचा संबंध अभ्यासांत अगदीच लेचापेचा निघतो. त्या हिशोबाने हरमनप्रीत कौरने २०२३ मध्ये ढाक्यात बॅटने स्टंप उडवले त्याचं काय करायचं?

आणि ते "बाहेर पडू दे" प्रकरण. ब्रॅड बुशमन या संशोधकाने २००२ मध्ये चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. तेच सगळ्यात जास्त चिडलेले आणि आक्रमक निघाले, गप्प बसवलेले त्यांच्यापेक्षा बरे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यातही हेच, की शरीराची धडधड खाली आणणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो आणि वाढवणाऱ्या गोष्टींचा तसा उपयोग होत नाही. त्यामुळे रॅकेट आपटून टेनिसपटू मोकळा होतो वगैरे कॉमेंट्रीतच ठीक. २०२० च्या यूएस ओपनमध्ये जोकोविचने चिडून मागे बॉल मारला, तो लाइन जजच्या गळ्यावर बसला आणि नंबर एकचा खेळाडू स्पर्धेतून बाहेर.

मग हे लोक मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावेत का? बास्केटबॉलवाल्या चार्ल्स बार्कलीने १९९३ मध्ये नाइकीच्या जाहिरातीत सरळ सांगून टाकलं होतं की मी रोल मॉडेल नाही, ते काम आईबापांचं. ऐकायला बाणेदार वाटतं, पण मुलं कुणाकडून शिकायचं याची परवानगी घेत नाहीत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराचा बाहुलीला बडवणाऱ्या माणसाचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल (मोठ्या माणसाला बाहुली बडवताना बघून मुलंही तेच करतात), त्याच्यावर टीकाही आहे आणि ती रास्त आहे, कारण ती बाहुली मुळात ठोसे मारायलाच बनवलेली असते. मला मात्र त्याचा १९६५ चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मुलांना फिल्म दाखवली, काहींच्या फिल्ममध्ये मारकुट्याला शेवटी बक्षीस, काहींच्यात ओरडा, काहींच्यात काहीच नाही. ओरडा बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण मग "त्याने काय केलं ते करून दाखव, स्टिकर देतो" म्हटल्यावर सगळ्या गटांना जवळपास सारखंच येत होतं! म्हणजे शिक्षा बघून करणं थांबतं, शिकणं थांबत नाही. शिकलेलं आत साठतं आणि बक्षिसाची वाट बघतं.

हे कळल्यावर मला खेळाडूंपेक्षा आपलीच जास्त काळजी वाटते. २००८ च्या आयपीएलमध्ये मोहालीत हरभजनने श्रीसंतला थोबाडीत मारली, हरभजन उरलेला सीझन बाहेर बसला, पुढे कितीदा तरी माफी मागितली, आणि २०२५ मध्ये त्याची क्लिप बाहेर आल्यावर लोकांनी ती चवीने बघितली. टेस्टची मॅच फी १५ लाख धरली तर कोहलीचा दंड ३ लाख, तो पोरांना दिसत नाही, फायर इमोजी दिसतात, आणि बांडुराच्या भाषेत स्टिकर तेच. कोहलीचा सराव, फिटनेस, दोन धावांमधलं पळणं हे सगळं घेण्यासारखंच आहे. पण मूल त्यातलं हवं तेवढंच उचलत नाही, ज्याला टाळ्या पडतात ते उचलतं.

समर कॅम्पच्या कोच मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. पोरगं आउट होऊन तणतणत आलं की लगेच भाषण देऊ नका, ते ऐकणारा भाग त्या वेळी बंद असतो. सावकाश, लांब श्वास सोडायला लावा, श्वास सोडताना मेंदूतून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह हृदयाचे ठोके कमी करते, हे काही योगाचं गूढ नाही, नाडीवर बोट ठेवून कुणालाही कळतं. मग पाच-दहा मिनिटं त्याला एकट्याला बसू द्या, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारा की बॉल नेमका कुठे पडला होता.