वळ आणि वळण

लागोसमधलं एखादं घर. आई पाच-सहा वर्षांच्या लेकराला घेऊन ओळखीच्यांकडे गेली आहे. यजमानीण बाई 'डोडो', म्हणजे तळलेल्या केळ्यांची ताटली पुढे करतात. मूल हात पुढे करत नाही. ते आधी आईच्या डोळ्यांत बघतं. आई बोलत नाही, मानही हलवत नाही, फक्त क्षणभर नजर रोखते. मूल म्हणतं, "नको, पोट भरलंय माझं." नायजेरियातली माणसं लहानपणाबद्दल बोलायला लागली की आईच्या या नजरेचा किस्सा हमखास निघतो. डोळे वटारले की गप्प बसणाऱ्या मराठी पोरांना तो समजावून सांगावा लागत नाही.

पण त्या नजरेमागे काय असतं? एक म्हणजे वर्षानुवर्षं लावलेलं वळण: परक्या घरी हावरेपणा करू नये, मोठ्यांना डाव्या हाताने काही देऊ नये, समोर वडीलधारं माणूस आलं की मुलीने गुडघे टेकावेत आणि मुलाने लोटांगण घालावं. दुसरं म्हणजे घरी परतल्यावर दाराआडून निघणारी छडी. मराठीत वळण आणि वळ हे शब्द अगदी शेजारी राहतात. वळ म्हणजे छडीने अंगावर उठते ती लाल रेघ. वळ उठल्याशिवाय वळण लागत नाही, असं नायजेरियातल्या असंख्य घरांत मनापासून मानलं जातं. हे खरं आहे का, हे बालमानसशास्त्राने गेल्या काही दशकांत बरंच खोलवर तपासलंय. त्यातला फार बोलका अभ्यास पश्चिम आफ्रिकेतच झाला.

मारासाठी प्रत्येक भाषेत घरगुती शब्द असतात. आपल्याकडे चापटपोळी आणि धम्मकलाडू. नायजेरियाच्या नैऋत्येतल्या योरुबा भाषेत बारीक, लवचिक वेताला 'पांकेरे' म्हणतात. चामड्याच्या चाबकाला 'कोबोको', आणि हौसा बोलणाऱ्या उत्तरेत 'बुलाला'. हात न लावता करायच्या शिक्षाही आहेत. गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून दोन्ही हात वर धरायचे. किंवा 'पिक पिन': एका पायावर उभं राहून कमरेत वाकायचं, एक बोट जमिनीला टेकवायचं, दुसरा पाय मागे हवेत, आणि सोडेपर्यंत तसंच राहायचं. ज्यांनी शाळेत अंगठे धरले आहेत त्यांना ती मांडीतली थरथर आठवेल.

हे किती घरांत चालतं? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत १ ते १४ वर्षांच्या जवळपास ८५ टक्के मुलांना त्याआधीच्या महिनाभरात घरात मारून, किंवा ओरडून, अपमान करून शिस्त लावली गेली होती. त्याआधी २०१४ मध्ये नायजेरियाच्या लोकसंख्या आयोगाने युनिसेफ आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रासोबत मुलांवरच्या हिंसेची स्वतंत्र पाहणी केली. पश्चिम आफ्रिकेतली ती अशी पहिलीच पाहणी होती. अठरा वर्षांचं होण्याआधी निम्म्या मुलांनी शारीरिक हिंसा सोसलेली आढळली. आणि हिंसा सोसलेल्या शंभर मुलांमधल्या पाचांनाही मदत मिळालेली नव्हती. हे आकडे वाचून नायजेरियाकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण जगभरात २ ते ४ वर्षांच्या दर चार मुलांपैकी तिघांच्या वाट्याला घरात हेच येतं, असा युनिसेफचा २०१७ चा अंदाज आहे. नायजेरिया वेगळ्या वाटेने चाललेला नाही. मग तिथल्या आयांनाच वेगळं काढून दोष का द्यावा?

आता तो अभ्यास. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या मानसशास्त्रज्ञांना पश्चिम आफ्रिकेत दोन खाजगी शाळा सापडल्या. मुलांची घरं साधारण सारख्याच परिस्थितीतली. फरक शिस्तीत होता. एका शाळेत पेन्सिल विसरण्यापासून वर्गात दंगा करण्यापर्यंत कशालाही मार होता: काठीचे फटके, डोक्यात टपली, चिमटे, आणि तेही सगळ्यांसमोर, रोजच्या रोज. दुसऱ्या शाळेत तोंडी समज देत किंवा मुलाला थोडा वेळ बाजूला बसवत.

संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या ८४ मुलांना एकेक करून खोलीत बसवलं, पाठीमागे एक खेळणं ठेवलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत बघायचं नाही हं." मग ते बाहेर गेले. तीन वर्षांचं पोर ते, बघणारच. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी वळून पाहिलं. म्हणजे रोजच्या काठीने मोह आवरण्याची ताकद काही वाढलेली नव्हती. खरा फरक पुढच्या प्रश्नाला पडला: "तू पाहिलंस का?" काठीच्या शाळेतल्या मुलांचं खोटं बोलण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. आणि खोटं ती सफाईनेही बोलत होती. 'मग खेळणं कुठलं असेल?' असं विचारल्यावर दुसऱ्या शाळेतली पोरं पटकन फसत, खेळण्याचं नाव सांगून मोकळी होत. मार खाणारी पोरं शेवटपर्यंत थाप सांभाळत. तीन वर्षांच्या मुलाला एवढी सावधगिरी शिकायला लागावी, हे मला त्या अभ्यासातलं सगळ्यात क्लेशदायक वाटतं.

त्याच दोन शाळांत तलवार आणि ली यांनी मानसशास्त्रज्ञ स्टेफनी कार्लसन यांच्यासोबत दुसरी चाचणी घेतली. बालवाडीतली आणि पहिलीतली मिळून ६३ मुलं. समोरचा मोह थोडा वेळ आवरणं, नियम बदलला की जुनी सवय सोडून नवा नियम पाळणं, अशी कामं त्यांना दिली होती. अभ्यासात आणि पुढे आयुष्यातही ज्या आत्मनियंत्रणाच्या जोरावर माणूस तग धरतो, त्याचीच ही परीक्षा. बालवाडीत मार न देणारी शाळा पुढे नव्हती. पहिलीत मात्र काठीच्या शाळेतली मुलं स्पष्टपणे मागे पडलेली दिसली. छडीने तात्पुरतं काम होतं, असं पालक म्हणतात ना, ते तेवढ्यापुरतं खरं आहे. बाहेरचा धाक काही काळ आतल्या लगामाची जागा घेतो. पण त्या काळात आतला लगाम घडायचा राहून जातो.

याचं कारण शिक्षेच्या स्वभावातच आहे. प्रयोगशाळेत शिक्षेने वागणं बदलतं ते कधी? चूक झाल्याक्षणी आणि दर वेळी शिक्षा झाली तर. घरात हे शक्यच नाही. आई बाजारात असते, बाबा रात्री येतात, दहा चुकांतली एक पकडली जाते. त्यामुळे 'चूक करू नये' हा धडा पोहोचत नाही. पोहोचतो तो 'सापडू नये' हा धडा. शिवाय मारताना आई जे काही समजावत असते ते मुलाच्या कानावर पडत असलं तरी आत जात नाही. शरीरात ताणाची रसायनं उसळलेली असतात, सगळं लक्ष उगारलेल्या हाताकडे असतं.

दोनच शाळांवरून एवढं बोलायचं नाही, हे मान्य. पण मोठी गोळाबेरीजही त्याच दिशेला जाते. २०१६ मध्ये एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी ७५ अभ्यास, १ लाख ६० हजारांहून जास्त मुलं, एकत्र तपासली. नुसत्या चापट्यांचा विचार केला, तर पाहिलेल्या १७ बाबींपैकी १३ मध्ये मार आणि वाईट परिणाम यांचं नातं आढळलं. त्यावर हुशार वाचक विचारेल की द्वाड मुलंच जास्त मार खातात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास महत्त्वाचे. अशा ६९ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. मूल सुरुवातीला कसंही असो, मारामुळे पुढे त्याचं वागणं बिघडत जातं, सुधारत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी घाबरलेल्या माणसांचे चेहरे दाखवून मुलांच्या मेंदूची चित्रं घेणारा एक अभ्यासही आला. चापट्या खाल्लेल्या मुलांच्या मेंदूचा पुढचा भाग त्या चेहऱ्यांना जास्त जोराने प्रतिसाद देत होता. धोका हुंगत राहायची सवय मेंदूला लागली, की गणितासाठी आणि गोष्टींसाठी उरणारं लक्ष कमीच होणार.

इथे नायजेरियातले पालक एक मुद्दा मांडतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, ही मोजमापं गोऱ्या देशांची. आमच्याकडे मार म्हणजे राग नाही, काळजी आहे, आणि मुलालाही ते कळतं. जेनिफर लॅन्सफर्ड यांच्या चमूने २००५ मध्ये चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपीन्स आणि थायलंड या सहा देशांत हेच तपासलं. नायजेरिया त्यांत नव्हता, पण केनिया होता, भारत होता. जिथे मार सर्रास चालतो आणि सगळ्यांनाच बसतो, तिथे त्याचा मुलाच्या चिंतेशी आणि आक्रमकपणाशी असलेला संबंध खरंच सौम्य आढळला. सौम्य झाला, पण संपला नाही. जास्त मार खाणारी मुलं तिथेही जास्त भित्री आणि जास्त मारकुटी होती. म्हणजे पालकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मूल मोजतं.

मग इतकी माणसं, आणि प्रेमळ माणसं, का मारतात? २०१८ च्या पाहणीत नायजेरियात दर हजार जन्मांमागे १३२ मुलं पाचव्या वाढदिवसाआधीच दगावत होती. एका बाईला सरासरी पाचांहून जास्त मुलं. जिथे मूल जगेल की नाही याचीच धास्ती, तिथे 'थांब' म्हटलं की पोराने त्याच पावली थांबायला हवं, मग समोर विहीर असो, चूल असो की लागोसची वाहतूक. आज्ञाधारकपणा ही तिथे जीव वाचवणारी गोष्ट ठरते. शिवाय एका वाड्यात अनेक बिऱ्हाडं, समोरासमोर खोल्या, आपल्या चाळीसारख्या. तुमचं मूल नीट वागलं नाही तर सगळ्या वाड्यासमोर नाक कापलं जातं आणि शेजारची आजीही त्याला दोन ठेवून देऊ शकते.

कायद्यानेही पाठ थोपटली. इंग्लंडमध्ये १८६० मध्ये हॉपली नावाच्या शिक्षकाने पंधरा वर्षांच्या मुलाला मरेपर्यंत मारलं. त्या खटल्यात सरन्यायाधीशांनी शिक्षकाला दोषी धरलं खरं, पण 'माफक आणि वाजवी' शारीरिक शिक्षेचा हक्क पालक-शिक्षकांना आहे, हे तत्त्व त्याच निकालात पक्कं केलं. साम्राज्यासोबत ते सगळीकडे गेलं. दक्षिण नायजेरियाच्या फौजदारी संहितेचं २९५ वं कलम, जखम किंवा गंभीर इजा होणार नसेल तर, मुलाला सुधारण्यासाठी मारायला मुभा देतं. उत्तरेच्या दंडसंहितेचं ५५ वं कलमही तशीच मुभा देतं, आणि त्याच कलमात नवऱ्याने बायकोला 'सुधारण्या'चीही सोय होती. ही उत्तरेची संहिता १९६० ची. ती सुदानच्या कायद्यावर बेतलेली, आणि सुदानचा कायदा मेकॉलेच्या भारतीय दंडसंहितेवर. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शाळेतल्या छडीवर बंदी घातली. नायजेरियाने २००३ मध्ये बालहक्क कायदा केला, पण तो प्रत्येक राज्याने वेगळा स्वीकारायचा होता. लागोसने २००७ मध्ये स्वीकारला, काही राज्यांनी जवळपास वीस वर्षं घेतली. घरातल्या मारावर त्या कायद्यात थेट बंदी नाही. शेजारच्या बेनिनमध्ये २०१५ पासून आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना योरुबा बोलणारीच माणसं राहतात, तीच भाषा, तेच नमस्कार, तीच पांकेरे, फक्त कायदा वेगळा.

त्या योरुबा भाषेत 'ओमोलुआबी' म्हणून एक शब्द आहे. चांगल्या शीलाचं, शब्दाला जागणारं, मान देणारं माणूस. घडवायचं असतं ते हे. आणि तिथली एक म्हण सांगते: एका हाताने लेकराला दटावावं, दुसऱ्या हाताने त्याला जवळ ओढावं. विज्ञान ज्याला चांगलं पालकत्व म्हणतं ते यापासून लांब नाही. मुलाकडून ठाम अपेक्षा हव्यात, नियम रोज तेच हवेत, आणि चुकल्यावरही मायेचा हात सुटता कामा नये. कडक आई वाईट नसते. ती ताटलीसमोरची नजर, तिच्यामागे कोबोको नसेल, तर शिस्त लावण्याचं उत्तम साधन आहे. मूल त्या नजरेकडे बघतं ते आईला काय वाटेल याची त्याला पर्वा असते म्हणून. ही पर्वा आईजवळ घालवलेल्या वर्षांनी येते, वेताने येत नाही.

बदल कसा होतो, याचं आफ्रिकेतलं एक मोजलेलं उदाहरण युगांडाच्या लुवेरो जिल्ह्यातलं आहे. तिथल्या ४२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत शिक्षक आणि मुलं यांनी मिळून नियम ठरवायचे, छडीऐवजी काय करायचं ते एकत्र बसून शोधायचं, असा दीड वर्षांचा कार्यक्रम झाला. शेवटी मुलांना विचारलं की गेल्या आठवड्यात शिक्षकांनी मारलं का. कार्यक्रम न झालेल्या शाळांत ४९ टक्के मुलं 'हो' म्हणाली. झालेल्या शाळांत ३१ टक्के.