भगत्वचेचे विकार : सामान्य वैद्यकीय व्यवसायातील ओळख व उपचार

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियाला भग म्हणतात. तेथील त्वचेचे दाह, संसर्ग, रंगातील बदल आणि कर्कपूर्व बदल हे सारे भगत्वचेच्या विकारांत मोडतात. योनिमार्ग आतला आणि भग बाहेरचा, हा भेद बोलण्यात पाळला जात नाही व निदानातील पहिली चूक बहुधा तेथेच होते. सातारा-सांगली भागातील बाई डॉक्टरांसमोर ‘खालच्या जागेला खाज सुटते’ एवढेच सांगते, किंवा तेही न सांगता ‘अंगावरून जातंय’ म्हणते. तेवढ्यावर बुरशीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी फिरत राहते. हे विकार ओळखायला अवघड असल्यामुळे निसटतात असे नाही. त्वचा पाहिलीच जात नाही, म्हणून निसटतात.

तपासणीला चांगला उजेड, पडदा, सोबत परिचारिका आणि रुग्णाची संमती एवढे पुरते. दोन्ही भगोष्ठ, शिश्निका (क्लिटोरिस), योनिमुख आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा क्रमाने पाहावी. त्याच वेळी तोंड, डोके, कोपर व नखे पाहिल्यास निदानाचा धागा पुष्कळदा तेथे सापडतो. वारंवार बुरशी होणाऱ्या स्त्रीची रक्तशर्करा तपासावी. पाळी गेलेल्या, मधुमेह नसलेल्या व हार्मोन न घेणाऱ्या स्त्रीला बुरशी क्वचितच होते. म्हणून तिची खाज बुरशीची मानण्यापूर्वी थांबून विचार करावा.

सर्वाधिक लक्ष द्यावे असा विकार म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. तो पाळी सुरू होण्यापूर्वीच्या मुलींत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत अधिक आढळतो, मात्र कोणत्याही वयात होऊ शकतो. खाज रात्री वाढते. त्वचा लसणाच्या पापुद्र्यासारखी पांढरी, पातळ व सुरकुतलेली दिसते, मध्येच रक्ताळलेले ठिपके असतात आणि पट्टा भग व गुदद्वार यांना वेढून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पसरतो. योनिमार्गाला सहसा बाधा होत नाही. उपचार न झाल्यास लघु भगोष्ठ झिजून मिसळून जातात, शिश्निका झाकली जाते, योनिमुख अरुंद होऊन संबंध दुखरे होतात. हे बदल औषधाने पूर्ववत होत नाहीत. पांढरेपणामुळे हा विकार कोड समजला जातो. कोडात केवळ रंग जातो, त्वचेचा पोत बदलत नाही व खाजही सहसा नसते. घरात ‘कोड’ हा शब्द उच्चारला गेला की बाई पुन्हा दवाखान्यात येईल याची खात्री उरत नाही, त्यामुळे हा फरक तिला पहिल्याच भेटीत सांगावा.

याची मुख्य चिकित्सा म्हणजे तीव्र स्टेरॉइड मलम, क्लोबेटासोल ०.०५ टक्के : ४ आठवडे रोज रात्री, पुढील ४ आठवडे एक दिवसाआड, नंतरचे ४ आठवडे आठवड्यातून दोनदा. ३० ग्रॅमची ट्यूब साधारण ३ महिने पुरावी. त्याहून लवकर संपली तर जास्त लावले जात आहे आणि उरलीच तर भीतीने लावलेच गेलेले नाही, असे समजावे. वेष्टणावरील ‘नाजूक जागी लावू नये’ ही सूचना वाचून पुष्कळ स्त्रिया औषध सोडतात, तेव्हा ती सूचना येथे लागू नाही हे चिठ्ठी देतानाच बोलावे. नेमके कोठे लावायचे ते आरशात दाखवावे.

याच्या अगदी उलट धोका नायट्याचा, म्हणजे बुरशीच्या चट्ट्याचा, आहे; तेथे स्टेरॉइडच घातक ठरते. उसाच्या फडात किंवा द्राक्षबागेत दिवसभर घामात राबणाऱ्या स्त्रीच्या जांघेत नायटा पसरतो. स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेल्या मलमाने तो तात्पुरता शमतो, पण मागाहून वेडावाकडा पसरून ओळखू येईनासा होतो.

लायकेन प्लेनस हा दुसरा दाहविकार योनिमार्ग व तोंडातही व्रण करतो. सोरायसिसचा लाल चट्टा घडीत खवल्यांविना, रेखीव कडेचा असतो. खाजवून जाड झालेल्या त्वचेत खाजेचे चक्र तोडणे हाच उपचार. साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी पॅड व तुरटीचे पाणी यांनी होणारा स्पर्शदाह मात्र इतर प्रत्येक विकारात भर घालतो. म्हणून निदान काहीही असो, साबण बंद करून साध्या पाण्याने धुणे आणि व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावणे यापासून आरंभ करावा.

लायकेन स्क्लेरोसस असलेल्या शंभर स्त्रियांपैकी पाचांहून कमी जणींत कर्करोग होतो, आणि नियमित उपचाराने हा धोका कमी होतो. न भरणारा व्रण, गाठ, जाड टणक चट्टा, अथवा योग्य उपचारानंतरही न सुधारणारी त्वचा दिसल्यास मलम बदलत न बसता बायोप्सीसाठी (त्वचेचा लहान तुकडा काढून तपासण्यासाठी) पाठवावे. सांगलीकडील रुग्णांना मिरजेचे, १९६२ साली स्थापन झालेले, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे पडते. लहान मुलीतील रक्ताळलेले ठिपके पाहून अत्याचाराची शंका येणे स्वाभाविक आहे. लायकेन स्क्लेरोससही तसाच दिसतो आणि त्याचे निदान झाले म्हणून अत्याचाराची शक्यता मिटत नाही, त्यामुळे दोन्ही बाजू शांतपणे तपासाव्या लागतात.