मनोविकार आणि रक्तातील विकरे

रक्तातील विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, क्रियाशीलता मोजून मनोविकाराची खूण पटवण्याचा प्रयत्न. जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा सहज तपासता येत नाही. रक्त मात्र दंडाला पट्टा आवळला की मिळते. या शोधाची सुरुवात अशा सोयीतून झाली.

१९६८ मध्ये हर्बर्ट मेल्ट्झर यांना तीव्र मनोविकृतीच्या रुग्णांत क्रिएटिन कायनेज (सीपीके) वाढलेले आढळले. हे विकर मुख्यतः स्नायूंतले. कोल्हापूरकराला त्याची ओळख तालमीतून करून देता येते: पहाटे जोर-बैठका मारून लाल मातीत घाम गाळलेल्या पोराचे रक्त दुसऱ्या दिवशी तपासले, तर सीपीके चांगलेच चढलेले दिसेल, आणि डोके त्याचे ठणठणीत असेल. उलट, रात्रभर येरझाऱ्या घालणारा, चौघांनी धरून रिक्षात घातलेला, दवाखान्यात आल्याबरोबर खुब्यात इंजेक्शन घेतलेला रुग्ण. त्याचे सीपीके आजाराने वाढले, झटापटीने की सुईने? मेल्ट्झर यांनी पुढे स्नायूंचे नमुनेही तपासले, पण निदानाला पुरेल अशी खूण हाती लागली नाही.

१९७२ मध्ये मर्फी आणि वायट यांनी छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) रुग्णांच्या प्लेटलेटमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर कमी असल्याचे मांडले. हा दुवा अधिक मोहक होता, कारण हे विकर मेंदूत निरोप पोचवणाऱ्या आणि या आजाराशी जोडल्या जाणाऱ्या डोपामिन या रसायनाचेही विघटन करते. पुढे लक्षात आले की धूम्रपानानेही ते घटते, आणि या रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाण मोठे. म्हणजे मोजली जात होती ती बरीचशी सिगारेट.

निदान नाही, तरी उपयोग आहेच. मनोविकारावरील औषधांनी क्वचित अंग ताठरते, ताप चढतो, शुद्ध हरपते. या जीवघेण्या अवस्थेत सीपीके बहुधा हजारांत जाते आणि तो आकडा डॉक्टरला जागे करतो. “सोडलीय की आता” म्हणणाऱ्याचे वाढलेले जीजीटी, हे यकृताशी निगडित विकर, दारूचा संशय वाढवते, मात्र यकृताचे इतर आजार आणि फिटची काही औषधेही ते वाढवतात. काही प्रकारची कीटकनाशके प्यायलेल्याचे कोलिनेस्टरेज हे विकर उतरते. ऊसपट्ट्यातल्या डॉक्टरांना ही तपासणी परकी नाही.

सीपीकेचा नमुना इंजेक्शनआधी घेतला की नंतर, हे लॅबच्या चिठ्ठीवर लिहायला हवे. घाईत नेमके तेच राहते.